आधी वय विचारायला हवं होतं

मेंढ्या पाळायला लागल्यापासून माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. हगवण दिसली की मी हगवणीचं औषध पाजलं, मेंढरू अचानक मेलं की विष शोधत बसलो, लस आली की अख्ख्या कळपाला एका दिवसात टोचली. समोरचं जनावर किती दिवसांचं, किती महिन्यांचं, किती वेतांचं, हे मात्र आधी विचारलं नाही. जिवाणूंमुळे होणारे आतड्याचे रोग वय बघून येतात. ज्या जंतूने दोन दिवसांचं कोकरू हातातून जातं, तोच जंतू दोन महिन्यांच्या कोकराच्या पोटात निमूट राहतो. आणि ज्या रोगाने दोन महिन्यांचं धडधाकट कोकरू रात्रीतून मरतं, तो रोग कालच जन्मलेल्या कोकराला सहसा शिवत नाही. मला हे सांगणारी माणसं जवळच होती. मी त्यांचं ऐकलं नाही, आणि त्याची किंमत मेंढरांनी मोजली.

आमचं शिवार कागल तालुक्यात, दुधगंगेच्या काठाजवळ. ऊस, सोयाबीन, भुईमूग ही पिकं. पीक निघालं की रानात धनगरांची बकरी बसवायची ही वडिलांपासूनची रीत. मेंढरांना आमच्याकडे बकरीच म्हणतात. वाघरी लावायच्या, कळप रात्रभर रानात बसायचा, लेंड्या आणि मूत रानात पडायचं, आणि धनगरांना त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे. आदमापूरच्या बाळूमामांची बकरी आजही अशीच गावोगाव फिरतात आणि ती आपल्या रानात यावीत म्हणून लोक वाट बघतात. आमच्या रानात वर्षानुवर्षं येणाऱ्या कळपाचे म्हातारे मालक, त्यांना मी आबा म्हणतो. चराऊ माळ कमी होत गेले, पंचतारांकित औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि फिरत्या कळपांच्या वाटा आखडल्या. मला वाटलं, आता बंदिस्त मेंढीपालनालाच भविष्य आहे. शेड बांधली, जत तालुक्यातून माडग्याळ मेंढ्या आणल्या. उंच अंगाची, बाकदार नाकाची, भराभर वाढणारी ही जात. तिची कोकरं जन्मतःच वजनदार असतात आणि नजरेत भरतात.

पहिली चूक मी चिकाच्या बाबतीत केली. गाई-म्हशींच्या घरात वाढल्यामुळे एक समज डोक्यात पक्का होता, की वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. तोच नियम मी मेंढ्यांना लावला. रात्री मेंढी व्याली की कोकरू पुसून गोणपाटावर वेगळं ठेवायचो आणि वार पडली की, म्हणजे बऱ्याचदा उजाडल्यावर, आईला लावायचो. चीक घट्ट असतो, पचायला जड जातो, म्हणून त्यातलाही थोडा पिळून टाकायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कोकरं मलूल व्हायची. तोंड गार पडायचं, पिवळसर पातळ हगवण लागायची, पोटाशी खळगा पडायचा. मी हगवण बंद करायचं औषध पाजायचो, आणि संध्याकाळपर्यंत कोकरू संपायचं.

आबांनी एकदा हे पाहिलं. म्हणाले, "लेका, कोकरू हुबं ऱ्हायलं की आदी सड तोंडात दे. वार पडायची वाट कशापायी बघतुयास?" मी म्हणालो, "आबा, चीक जड असतो, कोकरू हगतं." ते पुढे काही बोलले नाहीत. मला वाटलं, फिरत्या माणसाला शेडमधलं काय कळणार.

खरं कारण पुढे पशुवैद्यांकडून समजलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. मेंढीच्या वारेची रचना वेगळी आहे, तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. म्हणजे कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ आईकडून आलेलं काहीच संरक्षण नसतं. ते सगळं चिकात असतं. आणि कोकराचं आतडं ही मोठी द्रव्यं न पचवता जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं ते फक्त पहिल्या २४ तासांत, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. नंतर आतड्याची ती ताकद संपते. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिलिटर चीक पहिल्या ६ तासांत पोटात जायला हवा. साडेतीन किलोच्या कोकराला पावणेदोनशे मिलिलिटर. मी त्याला नेमके तेच तास उपाशी ठेवत होतो.

दुसऱ्या बाजूला जंतूही वयाचा फायदा घेतो. ई. कोलाय हा जंतू शेणात, लेंडीत, ओल्या जमिनीत सगळीकडे असतो. त्याच्या काही जाती अंगावरच्या केसासारख्या तंतूंनी आतड्याला चिकटतात आणि तिथे विष सोडतात. पण चिकटायला आतड्यावर जी जागा लागते, ती जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच असते. पुढे ती नाहीशी होत जाते. म्हणून एकाच शेडमध्ये दोन दिवसांचं कोकरू मरत होतं आणि शेजारी तीन आठवड्यांची कोकरं उड्या मारत होती. मी त्यावरून निष्कर्ष काढला की या मेंढीचं दूधच वाईट आहे. तिला दोष देऊन मी मोकळा झालो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नाही. हंगामात आधी जन्मलेली कोकरं जगत होती आणि उशिरा जन्मलेली जास्त मरत होती. आधीच्या कोकरांच्या हगवणीने शेडची जमीन भरत चालली होती, त्यामुळे प्रत्येक नव्या कोकराच्या वाट्याला आधीच्यापेक्षा जास्त जंतू येत होते. फिरत्या कळपात हे होत नाही, कारण बसायचं रान बदलत राहतं आणि कोकरांना पुन्हा पुन्हा स्वच्छ जमीन मिळते. आमच्या रानाला खत देणारी ती रीत त्यांच्या कोकरांनाही राखत होती. शेड बांधताना मी त्या रीतीतली चाल काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही, ना रोजचा चुना, ना कोरडा पेंढा, ना व्यायला वेगळी जागा.

दुसरी चूक जास्त वेदनेची आहे, कारण तिच्यात एका माणसाला दुखावलं.

चीक वेळेवर पाजायला लागल्यावर कोकरं जगू लागली. त्यांतली एकटी जन्मलेली, भरपूर दूध असलेल्या आयांची कोकरं तर अशी वाढली की बघणारे थांबायचे. बकरी ईदच्या बाजारात चांगला भाव यावा म्हणून मी त्यांना मक्याचा भरडा सुरू केला. हळूहळू वाढवण्याऐवजी एकदम घमेलं भरून पुढे ठेवला. पहिल्या पावसानंतर बांधावर कोवळं गवत उगवलं होतं, त्यावरही सोडलं. काही दिवसांतच सकाळी शेडमध्ये मेलेली कोकरं सापडू लागली. संध्याकाळी ती हिंडत-खात होती. एकाला मी मरताना पाहिलं. मान मागे वाकलेली, पाय झाडत होतं, तोंडाला फेस. हगवण जवळजवळ नव्हतीच. आणि मरत होती ती कळपातली सगळ्यात उत्तम कोकरं. रोडावलेल्यांना काही होत नव्हतं.

निवडून उत्तमच मरतात, रात्रीच मरतात, तोंडाला फेस येतो. मी ठरवून टाकलं की कुणीतरी विष घालतंय. शेजारच्या रानात त्याच सुमाराला उसावर तणनाशक मारलं होतं. बांधावरून आमचं जुनं बोलणं झालेलं होतं. गावात पारावर बसून मी त्या शेजाऱ्याबद्दल बोललो. नाव घेतलं नाही, पण कुणाबद्दल बोलतोय हे सगळ्यांना समजलं. माझे वडील असते तर त्यांनी मला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

शेवटी एक ताजं मेलेलं कोकरू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवसांचं?" मी म्हणालो, अडीच-तीन महिन्यांचं. "एकटंच जन्मलेलं? खुराक काय?" शवविच्छेदनात हृदयाभोवती पाणी साचलेलं होतं, आतडं लालसर होतं, मूत्रपिंड बोटाने दाबताच कुस्करत होतं. आंत्रविषार.

या रोगाचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या संख्येने राहतो. एकदम भरपूर पिष्ट किंवा कोवळा चारा पोटात गेला की त्यातलं बरंच न पचता लहान आतड्यात उतरतं आणि जंतूला मेजवानी मिळते. त्याच्या 'ड' प्रकाराचं विष तयार होतं तेव्हा निरुपद्रवी असतं. आतड्यातलं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं आपलंच पाचक द्रव्य, त्याचा एक तुकडा छाटतं आणि मग ते जहाल होतं. ते आतड्याची भिंत सैल करून रक्तात शिरतं, मेंदूला आणि मूत्रपिंडाला गाठतं. याच जंतूचा 'ब' प्रकारही आहे. त्याचं मुख्य विष ट्रिप्सिनने नष्ट होतं. मग तो कुणाला मारतो? ज्यांच्या आतड्यात ट्रिप्सिन अजून नीट काम करत नाही त्यांना, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांतल्या कोकरांना. त्यात चिकामध्ये ट्रिप्सिनला थोपवणारं द्रव्य असतं, नाहीतर चिकातली संरक्षक प्रथिनंच पचून गेली असती. त्या वयात हा 'ब' प्रकार रक्ताळलेल्या हगवणीने मारतो.

हे समजलं तेव्हा मला पहिल्यांदा वयाचा अर्थ लागला. तोवर मी मानत होतो की कोकरू जितकं मोठं, तितकं टणक. पण पचनशक्ती पिकत जाते तशी ती एका विषापासून वाचवते आणि त्याच वेळी दुसऱ्या विषाला धार लावते. एक धोका मागे पडतो तेव्हा दुसरा पुढे उभा असतो. प्रौढ मेंढ्यांना आंत्रविषार कमी होतो याचं कारण वेगळं. वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगात जिरून त्यांची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. तरीही कापणीनंतर कणसं पडलेल्या रानात उपाशी कळप एकदम सोडला तर मोठी मेंढीही दगावते.

जगात इतरांनीही हे असंच मेंढरं गमावून शोधलं आहे. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात थॉमस डॉलिंग यांनी नवजात कोकरांच्या रक्ती हगवणीचा जंतू ओळखून तिच्यावर लस आणि रक्तद्रव काढला. पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स यांनी १९३२ मध्ये तिथली मेंढरं कशाने मरतात याचा उलगडा आंत्रविषार म्हणून केला. एक जन्मल्या जन्मल्या मारणारा, दुसरा वाढत्या, खात्यापित्या मेंढराला मारणारा. एकाच जंतूचे हे दोन प्रकार आहेत, हे मला समजायला माझी शेड रिकामी व्हायची वेळ आली.

शेजाऱ्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी ती दिली. पण पारावर बोललेलं पारावरच जाऊन मागे घ्यावं लागतं, ते मी उशिरा केलं. मधल्या काळात त्यांच्या घरातल्यांनी जे ऐकून घेतलं ते मला भरून देता येणार नाही.

तिसरी चूक लसीची. आंत्रविषारावर लस आहे, पुण्याच्या औंधमधली पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ती तयार करते, आणि आमच्याकडे ती पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची हे धनगरांनाही ठाऊक आहे. मी ती आणली आणि आठ दिवसांच्या कोकरापासून गाभण मेंढीपर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी टोचून घेतली. दुसरी मात्रा घ्यायला सांगितलं होतं. उसाच्या भरणीची घाई होती, ती राहून गेली. आणि मनात मात्र खात्री की कळप आता सुरक्षित आहे. पुढच्या हंगामात पुन्हा कोकरं गेली तेव्हा मी लसीलाच नावं ठेवली.

चूक लसीत नव्हती. पहिली मात्रा शरीराला फक्त ओळख करून देते. दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी दिली की खरं संरक्षण उभं राहतं. अगदी लहान कोकराच्या रक्तात आईच्या चिकातून आलेली द्रव्यं असतात, ती लसीलाच निकामी करतात. म्हणून लस टोचलेल्या आईच्या कोकराला घाईने टोचून उपयोग नसतो, आणि आईला लस नसेल तर त्याला फार वाट बघायला लावणंही धोक्याचं. कुठल्या कोकराला कधी टोचायचं हे आईची हकिगत बघून डॉक्टर ठरवतात. कोकराला पहिल्या महिन्यांत वाचवायचा खरा रस्ता आईतून जातो. मेंढी पाच महिने गाभण असते. तिला विण्याआधी साधारण चार ते सहा आठवडे लस मिळाली तर तिच्या चिकात ते संरक्षण उतरतं. आणि चीक वेळेत पोटात गेला तरच ते कोकराला मिळतं. माझी पहिली चूक आणि तिसरी चूक अशा एकमेकींना जोडलेल्या होत्या.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला. 'नारी सुवर्णा' मेंढ्या त्यातूनच झाल्या. त्या पाळणाऱ्यांनी हा हिशेब आणखी काळजीने ठेवायला हवा. जुळ्यांत चीक वाटला जातो, त्यामुळे दुबळ्या कोकराला पहिल्या आठवड्यातल्या हगवणीचा धोका अधिक. एकट्या कोकराला दूध भरपूर, म्हणून पुढे आंत्रविषाराचा धोका अधिक. एकाच शेडमध्ये दोघांची काळजी वेगवेगळ्या आठवड्यांत घ्यावी लागते.

याच्या अधेमधे, महिन्या-दोन महिन्यांच्या कोकरांची रक्तमिश्रित हगवणही मी जंतूंची समजून प्रतिजैविकं देत गेलो. त्यातली बरीचशी रक्ती हगवण कॉक्सिडियाची होती. तो जिवाणूच नव्हे, आणि त्याचं औषधही वेगळं. तपासणीसाठी लेंडी दवाखान्यात नेली असती तर एका दिवसात समजलं असतं.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त टोचते.

माझ्या पहिल्या खेपेतली एक मेंढी चौथ्या वर्षी वाळायला लागली. खायची नीट, पण अंगी लागत नव्हतं. पाठीचा कणा वर आला, लोकर सहज हातात यायला लागली, जबड्याखाली सूज आली. लेंडी कधी मऊ, कधी पातळ. आमच्या पाणथळ भागात यकृतातल्या चपट्या कृमींनीही गळ्याखाली असंच पाणी साचतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा जंताचं औषध पाजलं. स्वभावाने ती इतकी गरीब होती की पोरकी कोकरं मी तिच्यापाशीच सोडायचो. शेवटी तिची काही आशा नाही असं वाटलं तेव्हा मी तिला बाजारात विकली. घेणाऱ्याला म्हणालो, वय झालंय, खुराक मिळाला की भरेल.

नंतर कळपातली दुसरी मेंढी तशीच वाळायला लागली आणि तिची तपासणी करून घेतली. जोन्स रोग निघाला. १८९५ मध्ये जर्मनीत जोने यांनी गाईच्या आतड्यात पहिल्यांदा दाखवलेला, क्षयाच्या जंतूच्या कुळातला जंतू. या रोगाची चाल अशी की दिसतो प्रौढ वयात, पण लागतो बहुधा कोकरूपणी. शेण-लेंडीने माखलेल्या सडातून, दुधातून, ओल्या जमिनीतून तो लहान आतड्यात शिरतो आणि वर्ष-दोन वर्षं, कधी जास्त, गप्प बसतो. आतड्याची भिंत हळूहळू जाड होते, अन्न शोषलं जात नाही, आणि मेंढी भरल्या गव्हाणीपुढे उपाशी मरते. दिसायला लागण्याआधीपासूनच ती लेंडीतून जंतू टाकत असते, आणि ते जमिनीत वर्षभरही टिकतात. बरं करणारं औषध व्यवहारात नाही.

म्हातारपणाचा आजार म्हणून मी ज्याकडे पाहिलं, तो कोकरांचा आजार होता. आणि मी सगळ्यात लहान कोकरं नेमकी त्या मेंढीच्या पायाशी ठेवली होती. त्यांतल्या कितींच्या आतड्यात तो आज झोपलेला असेल, हे ती मोठी झाल्यावरच समजणार.

आता माझ्या शेडमध्ये प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला आहे आणि वहीत जन्मतारीख, आईचा क्रमांक, एकटं की जुळं, चीक किती वाजता प्यालं, याची नोंद आहे. व्यायची जागा वेगळी, कोरडी, आणि प्रत्येक वेतानंतर चुना मारलेली. भरडा मूठभरापासून सुरू होतो आणि दोन आठवड्यांत चढत जातो. पहिल्या पावसाच्या गवतावर जाण्याआधी पोटात कोरडी वैरण जाते. लस वहीतल्या तारखांवर ठरते, दवाखान्यात जाताना वही सोबत असते. प्रौढ मेंढी वाळली तर आधी वेगळी बांधतो, मग तपासतो, आणि कोकरं तिच्या जवळ जाऊ देत नाही.

बाजारात विकलेली ती मेंढी मात्र परत आणता येणार नाही. ती कुणाच्या अंगणात गेली, तिथे कोणती कोकरं तिच्याजवळ निजली, मला कधी कळणार नाही. "वय झालंय" हे मी घेणाऱ्याला सांगितलेलं वाक्य खोटं होतं, आणि तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढ्याने माझी जबाबदारी संपत नाही, कारण माहीत करून घेणं माझ्या हातात होतं. नवीन शेड बांधणाऱ्या आपल्या भागातल्या तरुणांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे: वाळलेली, हगवण लागलेली मेंढी तपासल्याशिवाय विकू नका आणि तपासल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि कळपात काहीही घडलं तरी औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी त्या जनावराचं वय वहीत बघा.